ऑझमंड केरिपेलचा बांध

ऑझमंड केरिपेलच्या अकरा काचघरांपैकी दहा डेनिस रोबिलार्डनं पाडली, आणि ती ऑझमंडनंच त्याला बोलावून पाडून घेतली होती. त्याबद्दल त्याची कधीच तक्रार नव्हती. भांडण झालं ते अकराव्यावरून. आणि तेही काचघरावरून नाही, त्याच्या मागच्या बांधावरून.

आमच्या गर्न्सी बेटावर बांध म्हणजे गुडघाभर मातीचा वरंबा नव्हे. पुरुषभर उंच, खाली दगड, वर माती, मातीवर गवत आणि काटेरी झुडपं. नैऋत्येकडून समुद्रावरचा वारा सुटतो तो या बांधावर आपटतो आणि वरून निघून जातो. ऑझमंडच्या बापानं ते काचघर तिथं उभं केलं तेच मुळी बांधाची पाठ बघून. बांध गेला की पहिल्या वादळात काचघर गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कचेऱ्यांना तेवढं कळत नव्हतं.

ऑझमंड जन्मला तेव्हा जर्मन शिपाई बेट सोडून गेल्याला दोन वर्षं झाली होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखाली काचेत शिरला. त्या काळी आमच्या बेटावर माणसाला दोनच प्रश्न विचारत: काच किती, आणि टोमॅटो कसे? सकाळी बंदराकडे टोमॅटोच्या करंड्या भरलेल्या गाड्यांची रांग लागायची आणि अख्ख्या इंग्लंडच्या ताटात आमचा टोमॅटो पडायचा. ऑझमंडच्या नखांना टोमॅटोच्या रोपांच्या बगलफुटी खुडून खुडून जो हिरवा-काळा रंग चढला, तो त्याच्या लग्नातही गेला नाही. बायको दहा वर्षांनी गेली, इंग्लंडला, दुसऱ्या एका माणसाबरोबर. रंग राहिला.

मग तेल महागलं. काचघरं तापवायची तर बॉयलरला तेल हवं, आणि पलीकडे डच लोक जमिनीतून निघालेला स्वस्त गॅस जाळून आमच्या आधी टोमॅटो पिकवायला लागले. पाच-सहा वर्षांत सगळं आटोपलं. ऑझमंडचा बाप त्याच सुमाराला वारला. डॉक्टर म्हणाले हृदय. ऑझमंडचं मत आजही वेगळं आहे.

ऑझमंड फुलांकडे वळला. फ्रीसियाची फुलं खोक्यात भरून टपालानं इंग्लंडला धाडायची. बरं चाललं होतं, तोवर आफ्रिकेतून विमानं भरभरून फुलं यायला लागली. तेही गेलं. मग कोणीतरी शोध लावला की लहानसहान माल आमच्या बेटावरून पाठवला तर इंग्लंडात त्यावर कर लागत नाही. झालं! बेटभर गोदामं उघडली. ज्या माणसानं वीस वर्षं टोमॅटो पिकवले, तो आता डोळ्यांत घालायच्या काचा पाकिटात भरत बसला. "काचेतनं काही सुटका नाही माझी," असं तो तेव्हा म्हणायचा. पुढे इंग्लंडच्या सरकारनं ती फटही बुजवली, आणि पासष्टीला टेकलेला ऑझमंड घरी आला.

"तू ज्या फांदीवर बसतोस ती तुटते," थोरली बहीण यूनिस म्हणाली. ती नवऱ्यामागं त्याच्याकडेच राहायला आली होती. "आता कृपा करून बँकेत नोकरी धरू नकोस. बेट बुडेल."

कारण बेट आता बँकांवर तरलं होतं. बंदराच्या गावात जिथं करंड्यांची गोदामं होती तिथं चकचकीत दारं आली. दारावर पितळी पाटीवर पंचवीस कंपन्यांची नावं आणि आत दोन मुली, एक कुंडी. पैसा जगाचा, येतो आणि जातो, त्यातलं थोडं इथं सांडतं, आणि त्या सांडलेल्यावर आमचं उत्तम चाललंय. शाळा, रस्ते, दवाखाने, कशाला तोटा नाही. आमचं आम्ही राज्य करतो. आमची सभा, आमचे कायदे, आमचं टपालाचं तिकीट, एक पौंडाची आमची हिरवी नोट. राणी इंग्लंडची, पण इंग्लंड आमचं नाही आणि आम्ही त्यांचे नाही. राज्य एवढंसं, की सभेतल्या माणसाला शिव्या द्यायच्या तर तो पाव घेताना दुकानात भेटतो. आणि तरी काम होत नाही, ही ऑझमंडची खरी चीड. दूरच्या राजधानीत काम अडलं तर माणूस म्हणतो, जाऊ दे, त्यांना काय ठाऊक! इथं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

तर असं ते अकरावं काचघर. बाकीची दहा पडायला आली होती, काचा गळत होत्या, म्हणून पाडली. हे एक त्यानं ठेवलं. तापवायची ऐपत नाही, त्यामुळं उन्हाच्या जोरावर जेवढे होतील तेवढे टोमॅटो. ते तो गल्लीच्या कडेला लाकडी खोक्यात पिशव्या करून ठेवायचा, शेजारी एक डबा. यावं, डब्यात नाणी टाकावी, पिशवी न्यावी. राखण करायला कोणी नाही. आमच्याकडे असंच चालतं. लोक म्हणायचे, केरिपेलच्या टोमॅटोला टोमॅटोचा वास येतो. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टीला हात लावला ती हातातून गेली, अशा माणसाला एवढं वाक्य पुरत होतं. सकाळी आत शिरून पानांचा वास छातीत भरून घेतला की तो दिवसभर माणसात असायचा.

जुलै संपता संपता डेनिस रोबिलार्ड फाटकाशी आला. डेनिस त्याच्याच वर्गातला. दोघं प्रार्थनाघरातही एकाच बाकावर बसलेले, म्हाताऱ्या पाद्र्याच्या एकाच फुटपट्टीचा मार बोटांवर खाल्लेले. टोमॅटो गेल्यावर डेनिसनं जेसीबी घेतला आणि ज्यांची काच पडायला आली त्यांची पाडून देऊ लागला. धंदा जोरात चालला.

"सोमवारी बांधाला हात घालतोय, ऑझी," तो म्हणाला. "बारा फूट उघडायचाय. गाडीवाट काढतोय, तुझ्या कडेच्या जुन्या वहिवाटेनं गल्लीपर्यंत."

"कुणाचा बांध?"

"माझा."

"तुझा? तुझ्या बापानं घातलाय?"

"तुझ्या बापानं तरी घातलाय का? पणज्यांच्या पणज्यांनी घातलाय तो. कागदावर माझ्याकडे आहे."

"कुठल्या कागदावर?"

"जुन्या फ्रेंचमधल्या. वकिलानं वाचलाय."

"म्हणजे तू नाही वाचलास."

डेनिसनं टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघ, पोरगी दोन भाड्याच्या खोल्यांत चार माणसांचा संसार करतेय. बँकवाल्यांनी घरांचे भाव कुठं नेऊन ठेवलेत, तुला सांगायला हवं? माझ्या तुकड्यात घर बांधायची परवानगी मिळायला मला सहा वर्षं लागली, ऑझी. सहा!"

"मग बांध की घर. वाट पुढून काढ."

"पुढं रस्त्याला वळण आहे. पुढून परवानगी देत नाहीत."

"माझं काचघर जाईल, डेनिस."

"अरे, जुनी काच ती. आज ना उद्या मलाच पाडायला बोलावशील."

ते ऐकून ऑझमंडनं फाटक लावून घेतलं. खरं तर डेनिसचं फार चुकलं नव्हतं. पण खरं बोललं म्हणून कोणाचा राग यायचा थांबतो थोडाच.

हातात चार दिवस होते. ऑझमंडनं एकुलता एक कोट चढवला आणि तो कचेऱ्या चढला. कुठल्या, ते सांगत नाही. जिथं जाल तिथं तीच खुर्ची.

"काचघर ही इमारत नाही," पहिल्या ठिकाणी एक तरुण बाई म्हणाल्या. "तेव्हा इमारतीला धोका, असा अर्ज आम्हाला घेता येणार नाही."

"आणि तिथं मी एक खोली बांधायला मागितली होती तेव्हा?"

"तेव्हाही नाहीच म्हटलं असेल. ती शेतजमीन आहे ना."

"मग शेताचा बांध वाचवा."

"ते शेतीकडे."

शेतीकडचा माणूस रजेवर होता. सभेवर आमच्या भागातून निवडून गेलेले गृहस्थ पावाच्या दुकानात भेटले. ते म्हणाले, "लक्ष घालतो," आणि पावात लक्ष घातलं. शेवटी त्यानं परगण्याच्या कोतवालाला घरी बोलावलं. कोतवाल आला, बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गंभीरपणे चालला, गल्लीकडच्या टोकाशी थांबला, आणि खिशातून पुस्तक काढून त्यानं ऑझमंडलाच नोटीस फाडून दिली: गल्लीवर आलेली झुडपं वेळेत छाटली नाहीत.

ऑझमंडनं ती नोटीस टेबलावर सपाट केली आणि पुन्हा वाचली. एवढी चीड त्याला बायको गेली तेव्हाही आली नव्हती.

"आजोबा असते तर त्यांनी हारो घातली असती," यूनिस चहा ओतत म्हणाली. ती सहज बोलली होती. पण ऑझमंडनं मान वर केली ती खाली घेतलीच नाही.

हारोची हाक आमच्याकडे हजार वर्षं चालत आलेली आहे. कोणी तुमच्या जमिनीला हात घालत असेल तर दोन साक्षीदारांसमोर, उघड्या डोक्यानं, गुडघे टेकून राजाची दुहाई द्यायची आणि मग फ्रेंचमधून प्रभूची प्रार्थना अथपासून इतिपर्यंत म्हणायची, वर एक आशीर्वाद. ती पुरी झाली की समोरच्याचा हात जिथल्या तिथं थांबलाच पाहिजे. पुढचं न्यायालय बघेल. मात्र प्रार्थना अर्धवट राहिली तर हाक फुकट. आणि खोटी हाक घातली तर शिक्षा. लोक हिची चेष्टा करतात, पण कायद्याच्या पुस्तकातून काढायची छाती अजून कोणाला झालेली नाही.

सोमवारी सकाळी जेसीबी घरघरत आला. ऑझमंड घरातून बाहेर पडेपर्यंत जेसीबीचे पहिले घास घेऊन झाले होते. दगड पलीकडे ओतले होते आणि बांधाला बारा फुटांचं भगदाड पडत आलं होतं. साक्षीदार म्हणून यूनिस होती. दुसरा कोण? नेमकी लुर्देश खोक्यापाशी टोमॅटो घ्यायला आलेली. ती पोर्तुगालच्या मदेइराची, म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करणारी, आठ वर्षं बेटावर होती.

"लुर्देश, इकडे ये. उभी राहा आणि बघ," यूनिस म्हणाली.

"काय बघू?"

"माझा भाऊ वेडा झालाय तो."

ऑझमंड भगदाडाच्या तोंडाशी गेला आणि डेनिसच्या समोर, उकरलेल्या मातीत गुडघ्यांवर बसला. बसताना त्याचा उजवा गुडघा कडकन वाजला. यूनिसनं मागून येऊन त्याची टोपी उचलली. डेनिसनं जेसीबीचा हात हवेतच ठेवला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हारो! हारो! हारो!" ऑझमंड ओरडला. "धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय!"

मग त्यानं प्रार्थना धरली. आमच्या स्वर्गातल्या बापा, तुझं नाव पवित्र मानलं जावो, तुझं राज्य येवो. पन्नास वर्षांत म्हटली नव्हती, तरी तोंड आपोआप चालत होतं. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आणि तिथं तो थांबला. पुढचं काही येईना. त्यानं पुन्हा भाकरीपासून सुरुवात केली, पुन्हा भाकरीशीच अडकला. लुर्देशनं ओठ हलवले, पण ती म्हणत होती ते तिच्या भाषेतलं. यूनिसनं डोळे मिटून घेतले. गुडघ्याखाली खडे रुतत होते आणि ऑझमंडला कळून चुकलं, की हेही जाणार. टोमॅटो गेले, फुलं गेली, पाकिटं गेली, आता तोंडातली प्रार्थनाही गेली.

"अरे, आमचे अपराध!" वरून डेनिस खेकसला. जेसीबीच्या घरघरीवर त्याला ओरडावं लागलं. "आमचे अपराध आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना करतो! दर रविवारी मागं बसून गोट्या खेळलास, दुसरं काय व्हायचं!"

"आमचे अपराध आम्हाला क्षमा कर," ऑझमंड म्हणाला, आणि तिथून प्रार्थना शेवटपर्यंत गेली, वरच्या आशीर्वादासकट.

डेनिसनं किल्ली फिरवली. जेसीबी बंद झाला. पाद्र्याच्या फुटपट्टीखाली शिकलेल्या माणसाला प्रार्थना मध्येच मोडलेली ऐकवत नाही; आपण काय करून बसलो हे त्याला त्या शांततेत कळलं असावं. तो खाली उतरला, "गाढव आहे मी," एवढंच म्हणाला, आणि ऑझमंडला एका बगलेतून त्यानं, दुसऱ्या बगलेतून लुर्देशनं उचलून उभं केलं, कारण ऑझमंडला स्वतःचं स्वतः उठता येत नव्हतं.

"कोण राजा हो, मिस्टर केरिपेल?" लुर्देशनं त्याचे गुडघे झाडता झाडता विचारलं.

"मेला तो."

"अगबाई! कधी?"

"झाली हजारेक वर्षं."

"मग येणार कसा?"

"तो येत नाही. जेसीबी थांबतो."

त्याच दिवशी त्यानं बंदरगावात जाऊन हाकेची नोंद केली. नोंद करणारा कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्यानं ऑझमंडचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत कोणी त्याच्यासाठी उभं राहिलं होतं. घरी येताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. जिंकलो, असं त्याला वाटलं. उगाच खोटं कशाला सांगू, त्याला अगदी तसंच वाटलं.

राहिलं भगदाड. बारा फूट रुंद, दोन्ही बाजूंना माती ढासळलेली, पलीकडे डेनिसच्या शेतातून थेट समुद्र दिसायचा. ऑगस्टच्या मध्यावर डेनिस पुन्हा फाटकाशी आला.

"निकाल लागेतो तिथं गवताचे भारे रचून देतो," तो म्हणाला. "वरून फळ्या ठोकू. वाऱ्यापुरतं होईल."

"नाही."

"अरे, तुझ्यासाठीच म्हणतोय."

"हारो घातलीय. एक ढेकूळ हलायचं नाही. ना तुझ्याकडून, ना माझ्याकडून."

"भारे म्हणजे ढेकूळ नव्हे."

"वकिलाचं पत्र आलंय. निकालापर्यंत जैसे थे."

हे "जैसे थे" ऑझमंडला भारी आवडलं होतं. आयुष्यभर काहीच जैसे थे राहिलं नव्हतं. डेनिसच्या भाऱ्यांना हो म्हटलं तर उद्या त्याचा वकील म्हणेल, बघा, यांनीच हात लावू दिला. आणि दुसरंही एक होतं, जे तो कोणाला सांगत नव्हता: गुडघ्यांवर बसून, प्रार्थना म्हणून जे थांबवलं, ते आपणच हलवायचं, हे त्याच्या मनाला पटेना.

"डेनिस बरोबर बोलतोय," यूनिस म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूची?"

"काचेच्या."

त्या साली टोमॅटो असे लागले की विचारू नका. सप्टेंबरातही खोका दिवसातून दोनदा भरावा लागत होता. पण काचघरात शिरलं की ऑझमंडचं लक्ष टोमॅटोंवर नसायचं. ते पानांवर असायचं. बांधाच्या बाजूची पानं आता हलत होती. बाहेर नुसती झुळूक असली तरी आत ती जराशी हलायची, आणि ती हलली की तो त्या बाजूच्या काचेला तळहात लावून बघायचा. तो न्यायालयात तारीख विचारायला गेला.

"नोव्हेंबर," कारकून म्हणाला. या वेळी तो बसूनच होता.

"वारा ऑक्टोबरात येतो."

"वाऱ्याची तारीख आमच्या वहीत नसते, साहेब."

दोनदा तो डेनिसच्या फाटकापर्यंत गेला. 'रच बाबा भारे' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. एकदा डेनिस घरात नव्हता. दुसऱ्यांदा होता, खिडकीतून दिसत होता, चहा पीत बसलेला. ऑझमंड फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला आणि परत फिरला. चिडला तो स्वतःवर, पण घरी येऊन बोलला यूनिसला: चहा पाणचट का केलास म्हणून.

वारा आला तो ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला. यूनिसनं आदल्या संध्याकाळी शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि डुकराचे पाय मडक्यात घालून भट्टीत ठेवले होते, रविवारचा आमचा नेहमीचा नाश्ता. ते मडकं बाहेर काढतेय तोच पहिली काच फुटल्याचा आवाज आला. ऑझमंड अनवाणी धावला. भगदाडातून वारा नळातून यावा तसा येत होता आणि सरळ काचघराच्या कुशीत घुसत होता. एक काच, मग तिच्या वरची, मग रांगेनं.

पलीकडून डेनिस ट्रॅक्टर घेऊन आला. मागं गवताचे भारे लादलेले होते, वर ताडपत्री, दोरानं करकचून बांधलेले. एवढ्या घाईत कोणी असं लादत नाही. ते कधीचे लादून तयार ठेवलेले होते, हे ऑझमंडला बघताक्षणी कळलं.

डेनिस भगदाडाच्या पलीकडे थांबला. आत आला नाही. "काय करू?" तो ओरडला. "बोल, ऑझी! तू म्हटल्याशिवाय टाकत नाही!"

"टाक!" ऑझमंड किंचाळला. "टाक रे डेनिस, टाक!"

दोघांनी मिळून सहा भारे टाकले. सातवा डेनिसच्या हातात होता तेव्हा काचघराचा कणा उचलला गेला. आवाज फारसा झाला नाही; लाकूड जुनं होतं. छप्पर एका बाजूनं वर गेलं, क्षणभर ठरवत असल्यासारखं थांबलं आणि घराच्या दिशेनं आडवं झालं. मग काचाच काचा, आणि त्याखाली टोमॅटो.

उरलेल्या बांधाच्या आडोशाला दोघं पाठ लावून बसले. ऑझमंडच्या पायांतून रक्त येत होतं. यूनिसनं दारातून हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या कोणाला ऐकू आल्या नाहीत.

"मी त्या दिवशी ओळ सांगायला नको होती," डेनिस म्हणाला.

"नसती सांगितलीस तर मी सोमवारीच हरलो असतो."

"सोमवारी हरला असतास तर मंगळवारी मीच काचेपुढं आडोसा घालून दिला असता."

ऑझमंडनं तळव्यातला काचेचा तुकडा उपटून बाजूला टाकला. त्यानं हाक घालून बांध वाचवला होता, आणि हाक पाळून काचघर घालवलं होतं.

नोव्हेंबरात निकाल लागला. जुन्या फ्रेंच कागदाचे दोन अर्थ निघत होते म्हणे. शेवटी कोतवालाच्या नोटिशीच कामाला आल्या: गेली चाळीस वर्षं त्या बांधाची झुडपं छाटायचा तगादा केरिपेलांच्या मागं लागला होता, रोबिलार्डांना कोणी कधी विचारलं नव्हतं. बांध ऑझमंडचा. डेनिसनं तो होता तसा उभा करून द्यावा.

लुर्देश खोक्यापाशी भेटली. टोमॅटो नव्हते, यूनिसनं काचांतून वेचून, धुऊन, कच्च्या टोमॅटोंचं लोणचं केलं होतं, त्याच्या तीन बाटल्या होत्या.

"जिंकलात म्हणे तुम्ही, मिस्टर केरिपेल. मग आला का तुमचा राजा?"

"आला ग. वरातीमागून घोडं घेऊन आला."

तिनं एक बाटली घेतली, डब्यात हिरवी नोट टाकली आणि सुटे परत घेतले नाहीत. ऑझमंडला ते आवडलं नाही.

डेनिसनं बांध बांधायला घेतला. जेसीबीनं दगड आणून टाकले, पण रचले हातानं, जुन्या पद्धतीनं, मोठे खाली, मधे माती ठासून, वर गवताची ढेपळं. नऊ दिवस लागले. नऊही दिवस ऑझमंड स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बघत होता. त्याच्या आणि बांधाच्या मधे आता काहीच नव्हतं, नुसती काळी माती आणि विटांचा पाया. बापानं बांधाची पाठ बघून काचघर घातलं होतं. आता पाठ होती.

"छान झालाय," यूनिस म्हणाली. "आता टेकवायचंय काय तुला त्याला?"

दहाव्या दिवशी सकाळी ऑझमंड कोट न घालताच डेनिसच्या फाटकाशी गेला. या वेळी त्यानं कडी उघडली. डेनिस अंगणात जेसीबीचं फावडं धूत होता.

"बारा फुटांत गाडी वळते का तुझ्या पोरीची?" ऑझमंडनं विचारलं.

"म्हणजे?"

"बांध माझा आहे ना? ठरलंय ना आता? मग मी म्हणतो, उघड. वाट काढ. पोरांना कशाला दोन खोल्यांत कोंडायचं."

डेनिसच्या हातातली पाण्याची नळी खाली पडली. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"आत्ता?" तो ओरडला. "आत्ता सांगतोस? काल संध्याकाळी शेवटचा दगड बसवला मी! नऊ दिवस माझी कंबर मोडत होती आणि तू खिडकीत बसून बघत होतास!"

"निकाल होता. बांधून द्यायचा होता. बांधून दिलास."

"ऑझी, मीच आता गुडघे टेकतो आणि तुझ्यावर हारो घालतो! थांब, यूनिसला बोलाव! साक्षीदार बोलाव!"

"घाल की," ऑझमंड म्हणाला. तो वाकला, पाण्याची नळी उचलून त्यानं डेनिसच्या हातात दिली. "भाकरीशी अडकलास तर पुढचं मी सांगतो."